मागे वळायचं नाही

३ जुलै

दिग्दर्शकसाहेब,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पाकीट उघडलंत, म्हणजे तब्येत ठीक असावी. सदतीस वर्षांनी लिहिते आहे म्हणून गळा काढणार नाही. काम आहे, तेवढं सांगते आणि थांबते.

इथल्या चित्रपट संग्रहालयात एक पोरगी जुनी रिळं दुरुस्त करते. जाड भिंगांचा चष्मा, हातात पांढरे सुती मोजे, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. तिने आपला बेटाचा सिनेमा हाती घेतला आहे. मला शोधत घरी आली आणि पहिला अर्धा तास मलाच त्याची गोष्ट सांगत बसली. तुरुंगाचं बेट, तिथल्या जेलरची मुलगी, होड्या दुरुस्त करणारा जन्मठेपेचा कैदी. दोघांचं जुळतं, बापाला कळतं, कैद्याची दुसऱ्या तुरुंगात रवानगी होते. बोट निघते तेव्हा ती धक्क्यावर बोटीकडे पाठ करून उभी राहते, कारण वळली तर रडू फुटेल आणि समोर बाप उभा आहे. बोटीवरून त्याला फक्त तिची पाठ दिसत राहते, लहान लहान होत जाणारी. "आणि शेवटपर्यंत ती वळत नाही, आजी!" पोरीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "बाई गं, मीच कापलाय तो सिनेमा. आणि मला आजी म्हणू नकोस."

मग ती मुद्द्यावर आली. मूळ निगेटिव्ह तिने भिंगाखाली तपासली होती. "सगळ्या सिनेमात आठशेच्या वर जोड आहेत, एकाचीही कड वाकडी नाही. शेवटच्या शॉटचीच तेवढी वाकडी कशी?" म्हटलं, वय झालं होतं माझं. तर म्हणाली, "तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांच्या होतात." पोरगी चौकस आहे, आपल्या वेळी अशी एक असती तर बरं झालं असतं.

तिला संशय आहे की शॉट पुढे आणखी होता आणि कुणीतरी तो कापला. सोबतच्या कागदावर लिहून द्यायचं आहे की शॉट जिथे कापलाय तिथेच संपतो की नाही. दिग्दर्शक आणि संकलक, दोघांच्याही सह्या लागतात. मी "इथेच संपतो" असं लिहून सही केली आहे. तुम्ही खाली तेच लिहा आणि परत पाठवा. तीस सप्टेंबरनंतर ते नवीन प्रिंट काढायला घेणार आहेत.

तुमची सही झाली की विषय संपला. परतीचं तिकीट लावलं आहे, कारण तुमचा आळस मला माहीत आहे.

तुमच्या सिनेमाची संकलक


२० जुलै

दिग्दर्शकसाहेब,

कागद कोराच परत आला. बरोबर वन्संचं कार्ड. "वहिनी, दादांनी कागद तीनदा वाचला. म्हणाले, शॉट तिथे संपत नाही, मी खोट्यावर सही करणार नाही. तुमचे गुडघे कसे आहेत?"

खोट्यावर! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहायला काय झालं होतं? तेव्हाही तुमचं सगळं वन्संच्या तोंडून चालायचं. "दादा जेवायला येणार नाहीत", "दादांचा शर्ट मिळत नाहीये", "दादांना आज बोलायचं नाहीये". त्या बिचारीचा सगळा जन्म तुमची पोस्टमन होण्यात गेला.

खरंखोटंच काढायचं असेल तर पहिलं खरं हे, की ती पाठ नायिकेची नाही. पोरीला मी अजून हे सांगितलेलं नाही. चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी नायिकेला दुसऱ्या सिनेमाचं बोलावणं आलं आणि ती सकाळच्या बोटीने निघून गेली. एवढा एकच शॉट राहिला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "उंची सारखीच आहे." मी बेटावर आले होते ते रोजची रिळं पाहून यादी करायला. नायिकेचे कपडे चढवले, ते मला दोन बोटं आखूड आणि कंबरेला घट्ट. पुढे त्या पाठीला बक्षीस मिळालं. "न दाखवलेल्या चेहऱ्याचा अभिनय" असं काय काय छापून आलं. पाठ माझी, बक्षीस घ्यायला ती गेली, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात.

दुसरं खरं. कॅमेरा बोटीवर हवा होता. सगळं सामान, सगळी माणसं आधीच बोटीत चढलेली, छायाचित्रकार बोट लागून आडवा पडलेला, म्हणून कॅमेऱ्यामागे तुम्ही स्वतः. मला म्हणालात, "काहीही झालं तरी मागे वळायचं नाही. शॉट झाला की बोट फिरवतो आणि तुला घेतो."

मी पाठ करून उभी राहिले. इंजिनाचा आवाज लांब गेला. मनात तीस मोजले, मग साठ. आवाज कमी होत गेला, पण फिरला नाही. तेव्हा मी वळले. बोट परत येत नव्हती. भरती ओसरली की त्या धक्क्याला बोट लागत नाही, आणि त्या संध्याकाळपासून असा वारा सुटला की पुढची बोट आली ती नवव्या दिवशी.

एवढं सगळं लिहायचं नव्हतं. तुम्ही डोकं फिरवलंत.

कात्री धरायला तुम्हाला मी शिकवलं, हे तरी आठवतं का? लग्नाआधी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचात. मी सांगायचे, शेपूट, म्हणजे शेवटच्या फ्रेम्स, बघितल्याशिवाय तुकडा झोळीत टाकायचा नाही, कॅमेरा बंद होता होता कधीकधी कामाचं काहीतरी पकडून ठेवतो. तुम्ही वहीत लिहून घ्यायचात. त्या टेबलाखालच्या कापडी झोळीत मी कधी एक फ्रेम वाया घालवली नाही. त्यामुळे शॉट कुठे संपतो हे मला शिकवू नका.

वळल्यानंतरचा तुकडा मी जाळला. तेव्हाही सांगितलं होतं, आता पुन्हा सांगते. नसलेल्या गोष्टीसाठी सही अडवून काय मिळणार? कागद पुन्हा पाठवते आहे.

संकलक


४ ऑगस्ट

दिग्दर्शकसाहेब,

वन्संचं कार्ड मिळालं. "वहिनी, दादा विचारतात, नक्की जाळला का? म्हणाले, ती स्वतःचं घर जाळेल पण फिल्म जाळणार नाही. गुडघ्यांचं कळवलं नाहीत."

नाही जाळला. झालं समाधान?

एक्केचाळीस फ्रेम्स आहेत. पावणेदोन सेकंदसुद्धा पुरते नाहीत. औषधाच्या गोळ्यांच्या चपट्या डबीत गुंडाळून ठेवल्या आहेत, आणि ती डबी शिवणाच्या पेटीत. दरवर्षी एकदा काढून खिडकीशी धरते. आता आंबूस वास यायला लागला आहे. पोरगी म्हणते असा वास आला की फिल्म फार दिवस टिकत नाही. तिला मी "एखाद्या माणसाकडे असा तुकडा असेल तर" असं विचारलं होतं. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

पहिल्या बारा फ्रेम्समध्ये पाठ आहे. मग खांदा, मग कान. अठ्ठाविसाव्यात पूर्ण चेहरा. तो तुम्ही पाहिला आहे, मी वर्णन करत नाही. एक्केचाळीसनंतर कॅमेरा हिसका खाऊन खाली गेला होता. बंद करताना तो जातोच, तो कचरा मी न बघता कापून टाकला.

आता त्या नऊ दिवसांचं ऐका, तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुरुंग बंद होऊन वर्षं झाली होती, मागे राहिले होते एक राखणदार आणि त्याची बहिरी बायको. झोपण्यासारखी कोरडी खाट फक्त बायकांच्या कोठडीत होती, म्हणून मी कोठडीत. नऊ दिवस नायिकेचे आखूड कपडे, उकडलेले बटाटे आणि बिनदुधाचा चहा. राखणदार रोज सकाळी दाराशी येऊन विचारायचा, "काय बाई, तुमचा गुन्हा काय म्हणालात?" मी म्हणायचे, "चुकून राहिलेय हो मी इथे." तो म्हणायचा, "इथे आलेला प्रत्येक जण हेच म्हणायचा." त्याची बायको माझ्या तोंडाकडे बघून हसायची. चौथ्या दिवशी मीही हसले. पाचव्या दिवशी मात्र कोठडीचं दार लावून दुपारभर रडले, आणि सहाव्या दिवसापासून धक्क्यावर जायचं सोडून दिलं.

नवव्या दिवशी बोट आली. किनाऱ्यावर उतरले तेव्हा माझी चप्पल आणि छत्री घेऊन वन्सं उभ्या होत्या. तुम्ही कुठे होतात? लॅबमध्ये. मी तशीच तिथे आले. खारट केस, पायाला फोड. तुम्ही मान वर केलीत आणि पहिलं वाक्य काय बोललात? "शॉट बघितलास का?"

कशी आहेस नाही. चुकलं नाही. शॉट बघितलास का! त्या क्षणी माझ्या मनात जे तुटलं ते तुटलंच. मला वाटलं, ह्या माणसाने मला मुद्दाम तिथे ठेवलं. असा चेहरा कुठल्या नटीने दिला नसता, म्हणून.

पुढे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी टेबलाशी बसले. कच्च्या प्रिंटवर खुणा करून, चार वेळा पाहून, मग निगेटिव्हला हात लावायचा, हा नियम माझाच. त्या दिवशी मी प्रिंट न पाहता, वळायची जागा तेवढी शोधून सरळ निगेटिव्ह कापली. एकदा कापली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे माहीत असून. रागाच्या भरात कड वाकडी गेली. परत येऊन तुम्ही ओरडलात, "काय केलंस हे?" मी म्हटलं, "जाळला तुकडा. काहीही झालं तरी वळायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

त्यानंतर आपण एकमेकांशी बोललो नाही. संध्याकाळी मी बॅग भरली.

गुडघे वाईट आहेत. वन्संना सांगा.


२३ ऑगस्ट

तीन आठवडे होत आले. कार्डही नाही. वन्सं बऱ्या आहेत ना? की त्यांनाही आता तुमच्यासारखं मौन लागलं?

पोरगी काल पुन्हा आली होती. तिला मी सगळं सांगितलं, डबीही दाखवली. हात धुऊन, मोजे घालून तिने ती डबी उघडली तेव्हा मला ती आवडली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग ते काय म्हणाले?"

"कशावर?"

"बोट का फिरवली नाही, यावर."

मी म्हटलं, मी कधी विचारलंच नाही. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच वेडी. "सदतीस वर्षं? एकदाही नाही?"

माझी चिडचिड झाली. तिला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. मग दिवसभर भांडी आपटली.

खरं सांगते, विचारायची भीती वाटत होती. विचारलं नाही तोवर निदान अर्धी शक्यता माझ्या बाजूची होती. तुम्ही कोण आहात ते मी जवळून पाहिलं होतं. स्टुडिओत पडदा पेटला तेव्हा सगळे बाहेर पळाले आणि तुम्ही रीळ संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवलात. भुवया जळाल्या तुमच्या! तेव्हा मी कौतुकाने हसले होते. कॅमेरा चालू असताना हा माणूस देव आला तरी जागचा हलायचा नाही, असं सगळ्यांना सांगत सुटले होते. मग धक्क्यावर उभी असलेली बायको ती काय, आणि तिच्यासाठी तुम्ही हलाल ते का?

पण आता एकाहत्तर वर्षांची झाले. अर्ध्या शक्यतेवर आणखी किती दिवस काढू? म्हणून विचारते. त्या दिवशी नावाड्याला बोट फिरवायला सांगितलं होतंत का? की शॉट चांगला मिळतोय म्हणून पुढे जाऊ दिलीत?

हो की नाही, एवढंच लिहा. स्वतःच्या हाताने. सही करा नाहीतर करू नका, सिनेमा गेला खड्ड्यात.


११ सप्टेंबर

अहो,

आज सकाळी पोस्टमनने डबा दिला. वर वन्संचं कार्ड. "वहिनी, तुम्ही बॅग भरून गेलात त्या संध्याकाळी दादांनी टेबलाखालची झोळी उलटी केली आणि जमिनीवर बसून एकेक तुकडा पाहिला. तुम्ही कापलेलं सापडलं नाही, हे एवढं सापडलं. तेव्हापासून त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. मी म्हटलं होतं, दाखवा तिला. म्हणाले, तिने विचारलं तर दाखवीन."

आत गुंडाळलेली फिल्म आणि तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. अक्षर केवढं वेडंवाकडं झालंय तुमचं. "शेपूट बघितल्याशिवाय टाकायचं नाही, हे तूच मला शिकवलं होतंस."

मी खिडकीशी गेले. चष्मा सापडेना, तो डोक्यावरच होता. शहाण्णव फ्रेम्स, चार सेकंद. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं, पण चाळीस वर्षं मी हेच वाचलंय, मला उलटं करून घ्यावं लागत नाही. आधी धक्का वर वर जातो आणि दिसेनासा होतो. म्हणजे कॅमेऱ्याची मूठ कुणीतरी सोडली आणि तो आपल्या वजनाने खाली झुकला. मग कठडा. मग डेकच्या फळ्या, आणि फळ्यांवरून सुकाणूकडे पळणारे दोन बूट. उजव्या बुटाच्या अंगठ्यापाशी ठिगळ. ते ठिगळ मी लावलं होतं, बेटावर जायच्या आदल्या दिवशी.

पुढे नावाड्याचे अनवाणी पाय. ते हलत नाहीत. तुमचे बूट त्यांच्यासमोर पुढे मागे होतात. शेवटच्या दहा फ्रेम्समध्ये बूट नाहीत, फळ्यांवर दोन गुडघे टेकलेले आहेत.

अहो, तुम्ही नावाड्यापुढे गुडघे टेकलेत? निर्मात्यापुढे कधी मान न वाकवणारा माणूस? की बोट हलली म्हणून पडलात? तुमचा स्वभाव बघता पडलाच असाल. पण दहाच्या दहा फ्रेम्समध्ये गुडघे जागचे हलत नाहीत, आणि पडलेला माणूस उठायची धडपड करतो.

मी किती वेळ खिडकीशी उभी होते कोण जाणे. दूध उतू गेलं.

"शॉट बघितलास का?" असं विचारलं होतंत तेव्हा. हे दाखवायचं होतं मला? तोंडाने बोलायचं सोडून शॉट बघ म्हणून? मी बघितला नाही. न बघता कापला, न बघता शेपूट टाकलं, आणि उभ्या आयुष्यात शेपूट न बघता टाकलेला तो एकच तुकडा. माझ्या हाताला शिव्या द्याव्या तेवढ्या थोड्या.

आणि तुम्हाला त्याहून जास्त! सदतीस वर्षं खणात ठेवलंत? "तिने विचारलं तर"? मूग गिळून बसलात? नको तिथे तीन तीन तास व्याख्यानं द्यायचात, आणि "मी बोट फिरवायला सांगितलं होतं, नावाड्याने ऐकलं नाही" ही एक ओळ जड झाली? मी विचारलं नाही म्हणून तुम्ही सांगितलं नाही, तुम्ही सांगितलं नाही म्हणून मी विचारलं नाही. दोन शहाणी माणसं, आणि मध्ये कार्डं टाकून टाकून म्हाताऱ्या झालेल्या वन्सं.

आता लिहवत नाही. उद्या लिहीन.


१२ सप्टेंबर

अहो,

काल दुपारी पोरीकडे गेले होते. दोन्ही तुकडे तिच्या काचेच्या टेबलावर शेजारी ठेवले. कडा जुळतात. वाकडी कड वाकड्या कडेशी बरोबर बसते. तिने नक्कल काढून यंत्रावर लावली आणि आम्ही दोघींनी शॉट पहिल्यांदा सगळा पाहिला. पाठ, खांदा, कान, चेहरा, मग सगळं कोसळतं आणि फळ्यांवरून पाय पळतात.

पोरगी म्हणाली, "बाई, हा तर कैदी पळतोय! ती वळते आणि तो बोट थांबवायला पळतो!" मला बाई म्हणाली, आजी नाही.

तिचं बरोबर आहे. संकलक म्हणून सांगते, शॉट तिथे संपत नव्हता. तुमचंच खरं होतं. सिनेमाचा शेवट हाच, आणि मी तो सदतीस वर्षं दोन घरांत वाटून ठेवला. लोक ज्या पाठीवर रडले त्याच्या दुप्पट ह्यावर रडतील. नायिकेचा चेहरा बदललेला लोकांना दिसेल, पण ती आता काय बोलणार, बक्षीस तिच्याकडेच आहे.

मी एक मोजलं. माझा पूर्ण चेहरा अठ्ठाविसाव्या फ्रेममध्ये दिसतो, मूठ सुटते एक्केचाळिसाव्या फ्रेमला. म्हणजे माझा चेहरा दिसल्यावर तुम्ही तेरा फ्रेम्स बघत राहिलात, मग पळालात. साध्या माणसाला पाच लागल्या असत्या. दिग्दर्शकाला तेरा लागल्या. आठ फ्रेम्सचं भांडण अजून शिल्लक आहे, आणि किनाऱ्यावर मला घ्यायला का आला नाहीत ह्याचं वेगळं. दोन्हीची उत्तरं समोर बसून द्यायची. कार्ड चालणार नाही.

नवा कागद केला आहे. त्यावर "शॉट पुढे आहे, संपूर्ण घ्यावा" असं लिहून मी सही केली. तुमची जागा कोरी आहे. तो पोस्टाने पाठवणार नाही, तुम्ही इथे येऊन सही करायची. वन्संनाही आणा, त्यांना माझे गुडघे एकदाचे बघू देत.

शनिवारी दुपारची बस पकडा. मी स्टँडवर असेन, बसकडे तोंड करून. येताना कॅमेरा आणू नका.